गायरान, कडबा आणि कर्ब

निजामाच्या राज्यात सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १९००च्या सुमारास सुरू झाला आणि पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू ही नावे रेल्वेच्या वेळापत्रकात आली. मराठवाड्याच्या इतिहासात या मार्गाची आठवण निघते ती कापसामुळे. गोदावरीच्या काळ्या रानातला गावरानी कापूस गठ्ठ्यांत दाबून मुंबईच्या गोदीकडे जाऊ लागला, मानवतसारख्या पेठा त्यावर उभ्या राहिल्या. पण या गाड्यांनी एक जुनी वाहतूक मोडीतही काढली. परभणीच्या मातीचा हिशेब मांडायचा तर सुरुवात तिथून करावी लागते.

रेल्वेपूर्वी दख्खनची लांब पल्ल्याची मालवाहतूक लमाणांच्या बैलांवर चाले. कोकणातले मीठ घाटावर येई, इकडचे धान्य आणि कापूस खाली जाई. एकेका तांड्यात शेकडो, कधी हजारो बैल असत, प्रत्येकाच्या पाठीवर दोन्हीकडे गोण्या. १८०३ साली असईच्या लढाईला निघालेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेचे धान्यही याच लोकांवर अवलंबून होते. या बैलांना कोणी वैरण विकत घालत नसे. मुक्काम पडेल तिथले गवत हा त्यांचा चारा, आणि पहाटे तांडा उठला की मागे उरे ते शेण त्या जागेचे भाडे. बैलाचे इंधन वाटेवर उगवत होते. इंजिनाचे इंधन खाणीतून आले, कोट्यवधी वर्षे जमिनीखाली निवांत पडलेला कोळसा. हवेत किती कर्ब जातो आणि मातीत किती परत येतो, याचे गणित परभणीत पहिल्यांदा बदलले ते त्या दिवसांत, आणि ते कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. धंदा बुडालेले लमाण जिंतूरच्या डोंगराळ भागात आणि इतरत्र तांडे करून स्थिरावले, शेती करू लागले. त्याच समाजातले पुसदकडचे वसंतराव नाईक १९६३मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. २०१३मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. बैलांच्या पाठीवर जगलेल्या समाजातल्या माणसाचे नाव ट्रॅक्टरच्या काळात शेती शिकवणाऱ्या संस्थेला मिळावे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

लमाणांचे बैल येत-जात राहिले, गावाची गुरे मात्र गावातच असत. त्यांच्यासाठी शिवारातली काही जमीन कसण्यातून वगळलेली असे. तेच गायरान. सकाळी गुराखी घरोघरची जनावरे गोळा करून गावकुसाबाहेर न्यायचा, संध्याकाळी धुरळा उडवत परत आणायचा. पुढे १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२नेही शासनाला मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार दिला. म्हणजे कागदावर गायरान आजही आहे.

गायरानाचे हे माळरान म्हणजे तोडलेल्या जंगलाचा उरलासुरला अवशेष, असे इंग्रज वनाधिकाऱ्यांपासून आजच्या वृक्षारोपणवाल्यांपर्यंत बहुतेकांनी धरून चालले. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५मध्ये या समजुतीला वेगळ्याच वाटेने उत्तर दिले. त्यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय आणि लोकपरंपरेतल्या कथा चाळल्या, त्यांतली झाडे-गवते टिपली, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातली माळराने निदान साडेसातशे वर्षे माळरानेच आहेत असे दाखवले. त्याच्याही मागे जायचे तर गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांत हत्ती, पाणघोडे आणि रानबैल यांचे जीवाश्म सापडले आहेत. गवत आणि गवत खाणारे यांचा या प्रदेशातला सहवास नांगराच्या कितीतरी आधीचा आहे.

गवत खाणारा प्राणी मातीतल्या कर्बाचे काय करतो, हा प्रश्न आज सर्वांत आस्थेने विचारला जातो तो परभणीपासून फार दूर, उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात. तिथली बारमाही गोठलेली जमीन आपल्या पोटात सुमारे दीड लाख कोटी टन कर्ब धरून आहे. वातावरणात आज जेवढा आहे त्याच्या जवळपास दुप्पट. ती जमीन वितळली तर हा साठा कुजून हवेत जाईल, ही भीती. सायबेरियातल्या चेर्स्कीजवळ सर्गेई झिमोव या रशियन शास्त्रज्ञाने १९९६मध्ये एक विचित्र वाटणारा प्रयोग मांडला. घोडे, रेनडियर, कस्तुरीबैल अशी जनावरे आणून सोडायची. हिवाळ्यात ती चाऱ्यासाठी बर्फ उकरतात, तुडवतात, त्याने बर्फाची ऊबदार गोधडी दबते आणि खालची जमीन अधिक खोल गोठते. ग्रीनलंडमध्ये काही जागा कुंपण घालून कस्तुरीबैल आणि रेनडियर यांच्यापासून राखल्या गेल्या. बाहेर चराई चालू, आत बंद. तापमान वाढले की टुंड्रात खुरटी झुडपे माजतात, चरणारी जनावरे त्यांना आवरतात, हे त्या कुंपणाने दाखवले. पण जनावर नेहमीच उपकारक असते असे नाही. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली २९ रेनडियर सोडले. खाणारा शत्रू कोणी नाही, म्हणून १९६३पर्यंत ते सहा हजार झाले. शेवाळासारखे वाढणारे दगडफूल त्यांनी मुळापासून संपवले, आणि १९६६मध्ये मोजणी केली तेव्हा ४२ जिवंत होते.

टुंड्राचा मामला आपल्याहून उलटा आहे. तिकडे थंडी कर्ब राखते, इकडे उष्णता तो खाते. (परभणीचा पारा एखाद्या डिसेंबरात तीन-चार अंशांवर उतरतो आणि शेकोट्यांचे फोटो छापून येतात, तो भाग वेगळा.) उन्हाळ्यात ४४-४५ अंश सोसणाऱ्या जमिनीत सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थाचा फडशा भराभर पाडतात. म्हणून इथे कर्ब साठवून विसरता येत नाही. दरवर्षी भर घालावी लागते. ती भर जनावराच्या पोटातून येत होती.

ती येत कशी होती ते नीट पाहिले पाहिजे, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. परभणी हा ज्वारीचा मुलूख. ज्वारीच्या एका ताटात दोन पिके: कणीस माणसाचे, धाट जनावराचे. पुरुषभर उंच, गोडसर धाटाची ज्वारी घ्यायची, कापायची, पेंढ्या बांधायच्या, आखाड्यावर गंजी रचायची, आणि वर्षभर ती बैल, गायी, म्हशींना पुरवून घालायची. दिवसा गायरानावर चरणे, रात्री दावणीला कडबा. बैलाला दिवसाकाठी दहा-बारा किलो शेण होते. त्यात गोठ्यातले मूत, खाल्ल्यावर उरलेली चिपाडे, घरची राख मिसळून उकिरडा भरे. उन्हाळ्यात उकिरडा उपसून गाड्यांनी रानात नेला जाई. शेतात उगवलेला कर्ब धान्य वगळता शेतात परत जाई, आणि त्यावर गायरानावरच्या गवताची भरही पडे. गायरान म्हणजे गावाच्या शेतांना कर्ब पुरवणारी सामाईक जमीन, हे तिचे काम कोणत्याही सात-बाऱ्यावर लिहिलेले नव्हते.

याखेरीज मेंढ्या होत्या. हटकर धनगरांचे कळप दिवाळीनंतर शिवारात उतरत आणि शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. रात्रभर कळप एका तुकड्यात बसवायचा, दुसऱ्या रात्री शेजारच्या. लेंड्या आणि मूत जागच्या जागी, गाडीचा खर्च नाही. बदल्यात धान्य किंवा पैसे. ही चाल अजून पुरती संपलेली नाही.

आणि या सगळ्याला जमिनीची साथ होती. परभणीची काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली, फुगणाऱ्या चिकणमातीची. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात. वाळलेली पाने, शेणाचा चुरा, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते. पाऊस आला की भेगा मिटतात आणि ते सगळे आत गाडले जाते. मग चिकणमातीचे बारीक कण त्या सेंद्रिय पदार्थाला असे धरून ठेवतात की सूक्ष्मजीवांना तो सहज मिळत नाही. इतक्या उष्ण मुलखात एवढा कर्ब टिकला तो या मातीच्या स्वभावाने. मात्र नांगर जितका खोल आणि जितक्या वेळा फिरेल, तितकी ही पकड सैल होते.

शेतकऱ्याचा जुना वैरी कुंदा याच मातीतला. खोल मुळ्यांचे हे चिवट गवत एकदा रानात शिरले की पीक उठू देत नाही. हरळी आणि कुंदा काढण्यासाठी मजूर लावून रान खणावे लागे, किंवा अनेक बैलजोड्या लावून जड नांगर ओढावा लागे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३चा. तो पसरत गेला तसा कुंदा हटत गेला. शेतकऱ्याला दोष द्यायचे कारण नाही, कुंद्याने घरे बसवली आहेत. पण जमिनीच्या बाजूने पाहिले तर हातभर खाली मुळांचे जाळे विणणारे, आणि दरवर्षी त्यातला काही भाग मातीत सोडून देणारे गवत आपण नाहीसे केले, आणि त्या जागी तीन-चार महिने मुळे धरणारे पीक आणले.

हा जुना काळ सुवर्णकाळ होता असे मात्र कोणी समजू नये. शेणाचा मोठा वाटा शेतात जातच नव्हता, चुलीत जात होता. भारतातली शेती पाहण्यासाठी इंग्रज सरकारने १८८९मध्ये जॉन ऑगस्टस वोएल्कर या रसायनशास्त्रज्ञाला पाठवले. त्याचा अहवाल १८९३चा. शेतकरी अडाणी आहे म्हणून शेण जाळतो, हे त्याला पटले नाही. लाकूड मिळत नाही म्हणून जाळतो, असे त्याने सांगितले आणि गावोगावी जळण व चारा यांसाठी राखीव राने करा अशी शिफारस केली. शिफारस फाईलीत राहिली. गोवरीची किंमत आपल्या लोकांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. गंगाखेडच्या जनाबाईच्या गोवऱ्यांवरून भांडण लागल्याची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. कबीर आले तेव्हा ही संत बाई दुसऱ्या बाईशी गोवऱ्यांच्या वाटणीवरून वाद घालत होती म्हणे. त्या कथेतली भक्ती बाजूला ठेवली तरी एवढे उरतेच की गरिबाच्या घरी गोवरी ही भांडण्याजोगी चीज होती. शेतातला कर्ब चुलीतून आकाशात जात होता तो गरिबीपायी.

दुष्काळ पडला की हा सगळा डोलारा कोसळे. १८७६-७८च्या दख्खनच्या मोठ्या दुष्काळात माणसांच्या आधी गुरे गेली. तेव्हाचा क्रम ठरलेला होता: आधी गंजी संपायची, मग छपराचे गवत, मग झाडाचा पाला, मग दावणी रिकाम्या. पुढची दोन-तीन वर्षे शेतात शेणखत नाही आणि नांगराला बैल नाही.

१९१८ साली निजाम सरकारने परभणीत शेतीच्या प्रयोगांसाठी मोठे क्षेत्र सुरू केले. तिथल्या कामाचा केंद्रबिंदू कापूस होता, गावरानी कापसाचे सुधारलेले वाण तिथून आले. कापसाला भाव, कापसाला रेल्वे, कापसाला सरकार. ज्या जमिनीवर कापूस निघू शकतो ती जमीन गवताला का सोडायची, असा विचार गावोगाव शिरणे साहजिकच होते. गावचे पाटील-देशमुख गायरानाच्या कडा हळूहळू आपल्या शेतात घेत गेले. ही पहिली अतिक्रमणे कोणी अतिक्रमणे म्हणून मोजली नाहीत.

दुसरी मोजली गेली. १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९४९मध्ये जहागिरी गेल्या, १९५०चा कूळकायदा आला. ज्याच्या नावावर कूळ म्हणूनही काही नव्हते त्या दलित शेतमजुराला यातून काहीच मिळाले नाही. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने १९५३मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांना पडीक आणि गायरान जमिनी मिळाव्यात म्हणून सत्याग्रह केला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४मध्ये हाच लढा देशभर गेला. गावाबाहेर राहणाऱ्या माणसाला गावाच्या जमिनीपैकी एकच तुकडा खुला दिसत होता, तो गायरानाचा. त्याने तो कसला. पुढे बीडचे एकनाथ आवाड आणि त्यांचे मानवी हक्क अभियान यांनी ही जमीन कसणाऱ्यांच्या नावावर व्हावी म्हणून मराठवाडाभर काम उभे केले. २८ नोव्हेंबर १९९१च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९०पर्यंतची मागासवर्गीयांची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. कागद तलाठ्याकडे पोचता पोचता पिढी गेली.

या लढ्यात गुरांनाही एक भूमिका मिळाली, आणि ती लाजिरवाणी आहे. मराठवाड्यात अनेक गावांत दलितांनी गायरानावर उभ्या केलेल्या पिकात मुद्दाम गुरे घातली गेली. 'ही चराईची जमीन आहे' हे वाक्य तेव्हा जनावरांच्या कळवळ्याने बोलले जात नव्हते. गायरान वाचवा म्हणणाऱ्या आजच्या पर्यावरणप्रेमी माणसाला हा इतिहास माहीत असायला हवा. नाहीतर त्याच्या मागणीचा उपयोग कोण करून घेईल हे सांगता येत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरची गायरानांवरची अतिक्रमणे हटवायला सांगितली तेव्हा दोन लाखांवर बांधकामांचा प्रश्न उभा राहिला. त्यांत गरिबांच्या झोपड्या किती आणि बड्यांची बांधकामे किती, हा हिशेब गावागावात वेगळा निघेल.

आता १९७२कडे येऊ. त्या वर्षी १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी पावसाळ्याने दगा दिला. त्याआधीची दोन वर्षेही तुटीची होती. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडण्याची कामे, रोजगार हमीची सुरुवात या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या. माणसे या दुष्काळात मोठ्या संख्येने मेली नाहीत, आणि ते राज्याचे मोठेच यश. जनावरांना रोजगार हमी नव्हती. बाजारात बैलजोड्या मिळेल त्या किमतीला गेल्या. पाऊस परतला तेव्हा दावणी पुन्हा भरायला पैसा नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्यापुढे नव्या वाटा होत्या.

पहिली वाट संकरित बियाण्याची. सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी १९६४ची. ताट बुटके, कणीस भरघोस. धान्याची चणचण असलेल्या देशाला हेच हवे होते, आणि वसंतराव नाईकांनी त्यासाठी जिवाचे रान केले. पण कडबा कमी आला आणि जनावरेही तो आवडीने खाईनात. धान्य वाढले, गंजी लहान झाली. भाकरीच्या चवीवरून संकरित ज्वारीला माणसांनी नावे ठेवली त्याची नोंद झाली, बैलांच्या तक्रारीची झाली नाही. शास्त्रज्ञांना ही चूक पुढे उमगली. परभणीतच तयार झालेल्या परभणी मोतीसारख्या रब्बी वाणांत धान्याबरोबर कडब्याचाही विचार केलेला आहे.

दुसरी वाट पाण्याची. पैठणचे जायकवाडी धरण १९७६मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणीकडे आला. पाथरी, मानवत, परभणीच्या काही भागांत ऊस दिसू लागला. उसाचे वाढे जनावरांना मिळाले हे खरे. पाचट मात्र पेटवले जाते. पाणी जास्त झाले तिथे जमिनी चोपण झाल्या. याउलट ज्या कोरडवाहू गावांना कालवा लाभला नाही, तिथली माणसे ऊसतोडीला निघाली. बैलगाडी घेऊन कारखान्यावर गेलेल्या जोडप्यांचे बैल हिवाळा तिकडे काढतात, वाढे खातात, आणि त्यांचे शेण तिकडच्याच मातीत जाते. गंगाखेडच्या बाजूच्या बैलाने पश्चिम महाराष्ट्राची जमीन पोसावी, हे कोणत्याही जललवादाच्या निवाड्यात येत नाही.

तिसरी वाट सोयाबीनची, आणि तिने सर्वांत जास्त बदल घडवला. १९९०नंतर खरीप ज्वारी मागे सरली आणि सोयाबीन तिच्या जागी बसले. तीन-साडेतीन महिन्यांत हातात रोख पैसा. सोयाबीन कापणीपूर्वी पाने शेतातच गाळते, मुळांवरच्या गाठींतून नत्र देते, तेवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण मळणीनंतर उरते ती गुळी कडब्याची बरोबरी करत नाही. २००२नंतर बीटी कापूस आला. त्याची पऱ्हाटी जनावर खात नाही, ती बांधावर जळते किंवा चुलीत जाते. खरिपाची दोन मुख्य पिके दावणीला फारसे काही देत नाहीत अशी स्थिती परभणीच्या इतिहासात प्रथमच आली. कडबा महागला, बैल पोसणे परवडेना, आणि तेवढ्यात ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला. ज्या रानाला बैलांना आठवडा लागे ते एका दिवसात उलटून निघते. डिझेल पुन्हा जमिनीखालचेच, आणि नांगरट पूर्वीपेक्षा खोल.

२०१२च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गायी-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाख होती. २०१९मध्ये ती १ कोटी ४० लाखांच्या आसपास आली, म्हणजे सात वर्षांत दहा टक्के घट. मधल्या काळात दोन दुष्काळ होऊन गेले, २०१२-१३चा आणि २०१५-१६चा. १९७६च्या प्राणी रक्षण कायद्यातली दुरुस्ती २०१५मध्ये लागू झाली आणि बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा, ही शेतकऱ्याची जुनी रीत. विकण्याची वाट बंद झाल्यावर त्याने नवा घेणेच सोडले. गोवंश वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने दावणीवरचा गोवंश वाढला नाही, हे पशुगणनेतच दिसते. परभणीच्या विद्यापीठाने देवणी गाय आणि होल्स्टिन यांच्या संकरातून 'होलदेव' ही जनावरे तयार केली. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबा यात्रेत लाल कंधारी वळू अजून मिरवतात. पण प्रदर्शनातल्या वळूने शिवाराला खत पुरत नाही.

गुरे कमी झाली हे हवामानाला बरेच झाले, असेही कोणी म्हणेल. गायीच्या पोटातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. आक्षेप खरा आहे. फक्त तो मांडताना दुसरी बाजूही धरावी लागेल: त्या गायीऐवजी आलेले डिझेल, शेणाऐवजी आलेला युरिया आणि तो बनवायला लागलेला वायू, आणि शेणखत न मिळाल्याने मातीतून उडून गेलेला कर्ब. हे सगळे एका कागदावर मांडल्याशिवाय बैलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

गवत गेल्याचा परिणाम रानातल्या प्राण्यांवरही झाला. रोही आणि काळवीट आता सोयाबीन आणि हरभऱ्यावर पोसतात. जिंतूरपासून पाथरीपर्यंत शेतकरी रात्री आखाड्यावर जागतो तो त्यांच्यासाठी. गायरानात उगवणारे मारवेल, पवन्या, कुसळी त्यांना पुरत होते. त्यांनी आपला चराईचा हक्क सोडला नाही, फक्त ताट बदलले.

मातीत काय उरले? परभणीच्या परिसरात माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बाचा आकडा बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आगेमागे येतो. काळ्या मातीत चुनखडीच्या रूपानेही कर्ब असतो. पण जमीन कोरडी आणि निःसत्त्व होत गेली की सेंद्रिय कर्ब घटतो आणि चुनखडी वाढते, असे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. ती वाढ शेतकऱ्याच्या कामाची नाही, उलट पाणी मुरेनासे होते. परभणीच्या विद्यापीठात सोयाबीन-करडई या पिकांवर २००६च्या सुमारास खतांचा दीर्घकालीन प्रयोग सुरू झाला. देशात असे प्रयोग अनेक ठिकाणी चालू आहेत आणि त्यांचा निष्कर्ष सारखाच आहे: रासायनिक खतासोबत शेणखत पडते त्या तुकड्यात कर्ब टिकतो, वाढतो, काहीच न घातलेल्या तुकड्यात घसरतो. आमच्या आज्यांना हे सांगायला प्रयोग लागला नसता. आता लागतो, कारण उकिरडाच राहिला नाही आणि शेणखताची ट्रॉली विकत घ्यायची तर सोयाबीनच्या पट्टीतून पैसे काढावे लागतात.

आता नवा अध्याय सुरू झाला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ची. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून गावाजवळ सौर प्रकल्प उभारायचे, आणि त्यासाठी शासकीय जमिनी, त्यांत गायरानेही, द्यायच्या. हवेतला कर्ब कमी व्हावा हाही यात हेतू आहे. दिवसा वीज ही शेतकऱ्याची जुनी आणि रास्त मागणी, तेव्हा योजनेला आंधळा विरोध करण्यात अर्थ नाही. पण गायरान मोकळे पडले आहे, तिथे काही नाही, असे समजून ते दिले जाऊ नये. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात सौर पट्ट्यांखाली मेंढ्या चारतात, गवत आटोक्यात राहते आणि पट्ट्यांवर सावलीही पडत नाही. आपल्याकडे मेंढ्या आहेत, धनगर आहेत, गवतही आहे. तुमच्या गावच्या ग्रामसभेत गायरान देण्याचा ठराव येईल तेव्हा तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या: त्या जमिनीवर आज कोण कसते आणि कोण राहते, तिथे किती जनावरे चरतात, आणि कुंपण पडल्यावर त्यांना आत येऊ देणार की नाही.